मुलग्यांच्या मनाचा सांभाळ : वसतिगृहांच्या इतिहासातील एक दुर्लक्षित बाजू

महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाच्या इतिहासावर आज मराठीत एक कपाट भरेल इतके लेखन आहे, आणि ते असायलाच हवे. मुलग्यांच्या शिक्षणाचा इतिहास म्हणून मात्र आपण जो वाचतो, तो शाळांचा, संस्थांचा आणि संस्थापकांचा असतो. शाळा कधी निघाली, पटावर किती मुले होती, मॅट्रिकला किती जण उतरले. शाळेच्या दारातून आत जाणे मुलीसाठी लढाई होती. निदान वरच्या जातींतल्या मुलग्यासाठी तरी ते गृहीत होते. मग आत गेलेल्या त्या मुलाला काय वाटत होते, हा प्रश्न सहसा कुणाला पडला नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून स्वातंत्र्यापर्यंतच्या काळातली मराठी आत्मचरित्रे, गौरवग्रंथ आणि शाळांच्या स्मरणिका मी गेली काही वर्षे या एकाच प्रश्नासाठी वाचतो आहे. दहा-बारा वर्षांचा मुलगा घाबरला, शरमला, रडला, तर त्याच्याकडे बघायला कोण होते? याचे उत्तर मला शाळेच्या वर्गात फारसे सापडले नाही. जे सापडले ते वसतिगृहांत, आणि तेही स्वयंपाकघर, आजाऱ्याची खोली, अंथरूण-पांघरूण असल्या जागी.

याचे कारण उघड आहे. त्या काळी शिकणे म्हणजे घर सोडणे. कोकणातल्या किंवा देशावरच्या खेड्यात मराठी तीन-चार इयत्तांपुढे शाळा नसे. पुढे शिकायचे तर तालुका गाठायचा, मग जिल्हा, मग पुणे किंवा मुंबई. धोंडो केशव कर्वे यांच्या ‘आत्मवृत्ता’तली (१९१५) साताऱ्याची पायपीट अनेकांना ठाऊक असेल. १८७५ च्या पावसाळ्यात सतरा वर्षांचे कर्वे सोबत्यांबरोबर मुरूडहून निघाले आणि परीक्षेसाठी कुंभार्ली घाट चढून शंभराहून अधिक मैल चालत साताऱ्याला पोचले. अंगाने लहानखुरे असल्याने ते सतरा वर्षांचे दिसत नाहीत असे म्हणून परीक्षेच्या प्रमुखांनी त्यांना बसू दिले नाही. ही हकीकत आपण जिद्दीचा दाखला म्हणून सांगतो. शाळेच्या पुस्तकांतही ती तशीच येते. पण ‘तू एवढासा दिसतोस’ म्हणून परत पाठवलेला तो मुलगा परतीच्या वाटेवर काय विचार करत चालला असेल, याकडे आपण वळत नाही. कर्व्यांनी स्वतःच्या लाजाळूपणाविषयी मोकळेपणाने लिहिले आहे. तो लाजाळूपणा आणि ही परतपाठवणी शेजारी ठेवून वाचली तर जिद्दीच्या गोष्टीत दुसरेही काही दिसू लागते.

ब्राह्मण मुलांसाठी पुण्यासारख्या गावात वार लावून जेवण्याची आणि माधुकरीची सोय होती. या प्रथेचे कौतुक आपण पुष्कळ केले आहे. माझे आजोबा असेच वारावर शिकले. त्यांची एक लहान चोपडी घरात आहे. तिच्या पहिल्याच पानावर आठवड्याचे वार आहेत. सोमवारपुढे एका वकिलांचे घर, मंगळवारपुढे एका विधवा बाईंचे, असे करत जाते, आणि गुरुवारपुढे नुसती आडवी रेघ. ही रेघ म्हणजे उपवास. आजोबा ती गोष्ट हसत सांगत. पण त्याच चोपडीत हिशेबाच्या मधेच एका ठिकाणी ‘आज दोनदा आठवण आली’ एवढेच लिहिले आहे. कोणाची, ते लिहिलेले नाही. पुढच्या ओळीत लगेच दोन पैशांची शाई. वाराने पोट भरे. वाराच्या घरी मुलगा मात्र पाहुणाही नसे आणि घरचाही नसे. पानावर काय पडले यावर त्याने बोलायचे नसते, हे पहिल्याच दिवशी कळे.

मग या मुलांच्या वाढीसाठी समाजाने काय पुरवले होते? एक, तालीम. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे. पुढे बडोद्याच्या दत्तात्रेय चिंतामण मुजुमदारांनी ‘व्यायामज्ञानकोशा’चे दहा खंड काढले. मुलाच्या छातीसाठी, मनगटासाठी आणि पाठीसाठी दहा खंड, ही काही लहान गोष्ट नव्हे. मी त्यांची थट्टा करत नाही. आखाड्याने कित्येक एकाकी मुलांना संगत दिली हेही खरे आहे. दुसरे होते ब्रह्मचर्यावरचे वाङ्मय. वीर्यनाश म्हणजे सर्वनाश, असे सांगणाऱ्या पुस्तकांनी त्या काळच्या वयात येणाऱ्या मुलांना जी भीती घातली, तिचा हिशेब कुणी मांडलेला नाही. स्वप्नावस्थेमुळे आपल्याला क्षय होणार, वेड लागणार, अशी धास्ती घेऊन जगणारी मुले विचारणार कुणाला? वडिलांना विचारणे अशक्य, मास्तरांना त्याहून अशक्य.

त्यांना विचारायला एकच जागा मिळाली, आणि ती कोर्टात खेचली गेली. धोंडो केशवांचे थोरले चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले. वाचकांच्या खासगी प्रश्नांना ते त्यात आडपडदा न ठेवता उत्तरे देत. या प्रश्नोत्तरांवरूनच १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी खटला हरला आणि दंड झाला. र. धों.ची आठवण आपण संततिनियमनासाठी काढतो. मला त्यांचे दुसरे काम तितकेच मोठे वाटते : घाबरलेल्या तरुणाला ‘तुला काही झालेले नाही’ असे छापील अक्षरांत सांगणे.

आता वसतिगृहांकडे येतो. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि मग एकेका समाजासाठी वसतिगृहे निघत गेली. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. जैन बोर्डिंगात राहणारा भाऊराव पाटील हा मुलगा त्या बोर्डिंगच्या समारंभाला गेला, परत आल्यावर अंघोळ करून ‘शुद्ध’ व्हायला त्याने नकार दिला, आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले, ही गोष्ट कर्मवीरांच्या चरित्रांत ठळकपणे येते. बंडाची गोष्ट म्हणून ती खरीच आहे. पण बिछाना उचलून बाहेर काढलेल्या मुलाची गोष्ट म्हणूनही ती मला महत्त्वाची वाटते. कारण पुढे याच भाऊरावांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले, तेव्हा तिथे कोणालाही जातीमुळे बाहेर जावे लागणार नव्हते. सगळ्या जातींची मुले एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंगतीत जेवत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले.

भाऊराव कडक होते. त्यांचा आवाज चढला की पोरे गारठत. वसतिगृहाच्या रोजच्या जगण्यात मायेचा भाग लक्ष्मीबाईंचा होता. मुले त्यांना वहिनी म्हणत. धान्य संपले तेव्हा त्यांनी मंगळसूत्र मोडले, एवढेच आपण त्यांच्याविषयी लक्षात ठेवले आहे. १९३० मध्ये त्या गेल्या. दागिना मोडणे हा एका दिवसाचा प्रसंग. त्याच्या आधीची आणि नंतरची शेकडो जेवणे, कुणाच्या तापाचे जागरण, कुणाच्या फाटक्या सदऱ्याला टाका, हे सगळे आपल्या इतिहासलेखनात ‘त्याग’ या एका शब्दात गुंडाळले गेले. मला तो शब्द अपुरा वाटतो. ते काम होते, रोजचे, आणि त्याला कसब लागते.

दलित मुलांच्या बाबतीत प्रश्न आणखी वेगळा होता. घरची आठवण येणे हे दुःख आहेच, पण ज्याला वाटेत कुणी पाणीच दिले नाही त्या मुलाचे काय? १९०१ च्या सुमारास नऊ-दहा वर्षांचा भीमराव भाऊ आणि भाच्यासह साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाला. नवे कपडे घालून, आनंदात. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. बैलगाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनीच गाडी हाकायची असे ठरले. सोबत डबा होता, पण कुणी पाणी देईना, म्हणून रात्र उपाशी काढावी लागली. आंबेडकरांनी हे तीस-पस्तीस वर्षांनंतर इंग्रजीत लिहून ठेवले. इतक्या वर्षांनी लिहितानाही कपड्यांचा, टोप्यांचा तपशील त्यांना लख्ख आठवत होता. आई त्यांच्या पाचव्या वर्षाच्या आसपासच गेली होती. आत्या मीराबाईंनी त्यांना सांभाळले. अशा मुलाने मोठे होऊन १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि सभेने पुढल्याच वर्षी, जानेवारी १९२५ मध्ये, सोलापुरात वसतिगृह उघडले, यात मला नुसते शैक्षणिक धोरण दिसत नाही. तिथल्या विद्यार्थ्यांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिकही चालवले. ज्याला तोंड उघडायची चोरी होती त्याच्या हाती लेखणी दिली की काय होते, हे बाबासाहेबांना वेगळे सांगायला नको होते.

मुलग्यांचे मन हाच ज्याने आपला विषय केला, असा माणूस मात्र खानदेशात सापडतो. पांडुरंग सदाशिव साने १९२४ मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि १९३० मध्ये सत्याग्रहासाठी नोकरी सोडीपर्यंत तिथे होते. सहाच वर्षे. त्यांतला मोठा काळ छात्रालयाचा. तिथे त्यांनी काय केले याच्या आठवणी विद्यार्थ्यांनी पुन्हा पुन्हा लिहिल्या आहेत, आणि त्यांत भाषणे कमी आहेत. मुले शाळेत गेली की गुरुजी खोल्या झाडून ठेवीत. अंथरुणांच्या घड्या नीट करीत. टाकून दिलेले कपडे धुऊन वाळत घालीत. कुणी आजारी पडला की उशाशी बसत. रागावणे त्यांना जमत नसे. ज्याची खोली अस्ताव्यस्त असे त्याला ती आवरलेली सापडे आणि तोच शरमे.

याखेरीज ते छात्रालयासाठी स्वतःच्या हाताने एक दैनिक लिहीत. दिवसभर शिकवून, रात्री जागून, सकाळी मुलांच्या हाती पडेल असे हस्तलिखित. त्यात जगातल्या घडामोडी असत आणि छात्रालयातल्या गोष्टीही. या उपक्रमाचे वर्णन ‘ज्ञानदानाची तळमळ’ असे केले जाते. मला त्यातली दुसरी बाजू जास्त मोलाची वाटते. आपल्या रोजच्या जगण्याची कुणीतरी दखल घेते, ते लिहिण्याजोगे मानते, हे घरापासून दूर असलेल्या तेरा वर्षांच्या मुलाला रोज सकाळी कळत होते.

हे सानेगुरुजींना सुचले कुठून? त्यांचे स्वतःचे शिक्षण बघावे. पालगडहून दापोली, तिथून औंध, मग पुणे. औंधला गरीब विद्यार्थ्यांची सोय होईल म्हणून गेले, तर तिथे हाताने शिजवून, प्रसंगी उपाशी राहून दिवस काढले. मग प्लेग आला. पुण्यात शिकत असताना १९१७ मध्ये आई गेली आणि अखेरची भेट झाली नाही. म्हणजे वसतिगृह नसलेला, वार लावलेला, एकटा पडलेला मुलगा म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात, चार-पाच दिवसांत, त्यांनी ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग लिहिला. पुस्तक १९३५ मध्ये निघाले. या पुस्तकाविषयी नवे काय सांगणार, असे वाचकांना वाटेल. पण मी एका गोष्टीकडे लक्ष वेधू इच्छितो. आपण हे पुस्तक आईचे म्हणून वाचतो. त्याची चौकट मात्र पुरुषांची आहे. आश्रमात, प्रार्थनेनंतर, एक मोठा झालेला पुरुष रोज रात्री आपल्या सोबत्यांना आणि जमलेल्या मुलांना आपल्या लहानपणच्या चोऱ्या, भित्रेपणा, हट्ट, लाज हे सगळे सांगतो. सांगताना त्याचा गळा दाटतो, ऐकणाऱ्यांचेही डोळे भरतात. असे बसणे, असे सांगणे, असे ऐकणे मराठी कुटुंबात बापलेकांत होत नव्हते. त्या अर्थाने या पुस्तकातली नवी गोष्ट आई नसून रात्र आहे.

आणि ती आईही एकरंगी नाही. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला ती शिंपटीने मारत विहिरीकडे पाठवते. मुलगा पाण्यात पडून तरंगायला शिकतो, घरी येतो, रुसून बसतो. मग ती त्याचे वळ बघते, त्याला दही देते आणि लोकांनी तुला भित्रा म्हणू नये म्हणून मारले, असे समजावते. आजचा कुणी बालमानसतज्ज्ञ या प्रकरणावर नाक मुरडेल, आणि त्यात चूक नाही. मला मात्र इथे त्या काळच्या आईची कोंडी दिसते. ‘भित्री भागूबाई’ हा शिक्का मुलीला चालतो, मुलाला नाही, हे ती जाणते. मुलगा भिऊ नये म्हणून मारायचे, आणि मारल्यावर जवळ घ्यायचे. त्याच घरातले वडील अळणी भाजी मुकाट्याने खातात. तिथेही भावना आहे, पण ती न बोललेली. एकाच पुस्तकात मुलग्याला वाढवण्याच्या तीन तऱ्हा आहेत : आईची शिंपटी, बापाचे मौन आणि मोठ्या श्यामचे सांगणे. आपण पहिलीचे देव्हारे केले, दुसरी घरोघर चालू ठेवली आणि तिसरीला ‘रडवे’ म्हटले.

‘रडवे’ हा शब्द काही क्षुल्लक नाही. सानेगुरुजींच्या लेखनावर ही टीका त्यांच्या हयातीत झाली आणि आजही होते. वाङ्मयीन टीका म्हणून तिच्यात तथ्य आहे. त्यांची पाने कधीकधी ओलीचिंब असतात, हे मीही मान्य करतो. पण त्या शब्दात एक टोमणा आहे, जो वर्गात मुलालाही ऐकावा लागतो : मुलीसारखा रडतोस काय. दुसरीकडे ज्यांना गुरुजी आवडले त्यांनी त्यांना ‘मातृहृदयी’ म्हटले. गौरव म्हणून म्हटले, पण त्यानेही नुकसानच झाले. एका पुरुषाने झाडले, धुतले, उशाशी बसला, डोळे पुसले, तर ते हृदय आईचे ठरवून आपण मोकळे झालो. म्हणजे बाकीच्या पुरुषांना, बापांना, मास्तरांना, रेक्टरांना त्यातून सूट मिळाली. अत्रे यांच्या १९५३ च्या चित्रपटाने राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळवले आणि वनमालाबाईंची आई घराघरात पोचली. अमळनेरचे छात्रालय तसे पोचले नाही.

त्या चित्रपटाआधीच, ११ जून १९५० रोजी, सानेगुरुजींनी आपले जीवन स्वतःच संपवले होते. पन्नाशी नुकतीच उलटली होती. गांधीजींच्या खुनानंतर त्यांनी एकवीस दिवसांचा उपवास केला होता, ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले होते, भोवती माणसे होती. त्यांच्या मृत्यूविषयी लिहिताना मराठी लेखक आजही ‘प्राणार्पण’, ‘निर्वाण’ असे शब्द शोधतात. कारणांचा उहापोह करण्याचा मला अधिकार नाही. इतकेच नोंदवतो, की आपण तो मृत्यू उदात्त करून टाकला आणि त्यामुळे एका साध्या प्रश्नाला सामोरे जाणे टळले. शेकडो मुलांच्या उशाशी बसलेल्या या माणसाच्या उशाशी बसायचे, हे कुणाचे काम होते?

हा प्रश्न जुना झालेला नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातील १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे. त्यांत दर शंभरांत सुमारे ७२ पुरुष. विद्यार्थी १३ हजारांहून अधिक. मुली आणि स्त्रियांची दुःखे कमी आहेत असा याचा अर्थ कुणी काढू नये. दुःख सांगायची वाट कोणाला किती मोकळी आहे, याविषयी मात्र हे आकडे काहीतरी बोलतात. या वाटेसाठी मराठीत प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. मुंबईत १९९३ मध्ये उभी राहिलेली ‘मावा’ ही पुरुषांची संघटना स्त्रियांवरील अत्याचारांच्या विरोधात काम करता करता मुलग्यांपाशी पोचली, आणि ‘पुरुष स्पंदनं’ नावाचा दिवाळी अंकही काढू लागली. पुरुषांनी स्वतःविषयी लिहायचा अंक. अशा अंकाला दिवाळीच्या स्टॉलवर किती हात लागतात, हे वाचकांनी आपल्या गावी पाहावे.

गेल्या वर्षी या लेखाच्या निमित्ताने मी मराठवाड्यातल्या एका शहरात, प्रवेशपरीक्षांच्या शिकवण्यांसाठी आलेली मुले राहतात तशा एका खासगी वसतिगृहात दोन दिवस होतो. सोळा-सतरा वर्षांची पोरे, खेड्यांतून आलेली, वडिलांनी कर्ज काढून पाठवलेली. रेक्टरांच्या टेबलावर तीन रजिस्टरे होती : येण्याजाण्याचे, फीचे आणि परीक्षेतल्या गुणांचे. कुणाचे मन थाऱ्यावर नाही हे कसे कळते, असे मी विचारले. ते चांगले गृहस्थ होते, विचारात पडले. मग म्हणाले, ‘‘गुण घसरले की कळतं.’’

मेसमध्ये पोळ्या करणाऱ्या मावशींना मी तोच प्रश्न विचारला. त्यांनी हातातले लाटणे खाली ठेवले नाही. ‘‘तो कोपऱ्यातला, निळ्या शर्टाचा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आल्यापासून चार पोळ्या खायचा. मंगळवारपासून एकीवर आलाय. काल मी म्हटलं, घरी फोन लावू का? तर मान हलवून नको म्हणाला. आज सकाळी ताटावरून उठताना विचारत होता, मावशी, तुम्ही किती वाजेपर्यंत असता इथे?’’